मुकं हेल्मेट

हेल्मेट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा आरशात बघतं. अलिबागेत स्टँडच्या मागच्या गल्लीत हेल्मेटं, रेनकोट आणि गाडीची कव्हरं विकत बसल्याला मला आता बरीच वर्षं झाली, आणि या नियमाला मी एकच अपवाद पाहिला. मास्तर दुकानात आले, काउंटरवरचा आरसा त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, मला मुकं हेल्मेट पायजे."

"मुकं म्हणजे?"

"घातल्यावर जे बोलत न्हाय ते."

मी त्यांना ओळखत होते. अलिबागपासून पार रेवदंड्यापर्यंत आणि तिकडे पालीपर्यंत भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणारे मास्तर म्हणजे हेच. नागावच्या आमच्या महिला मंडळाची पेटी मी वाजवते, म्हणजे वाजवते असं आपलं म्हणायचं, आणि तिचा भाता फाटला, उंदरांनी आतलं कापड खाल्लं किंवा सूर बिघडले की मास्तरांनाच निरोप जायचा. ते मोटारसायकलवरून यायचे. पन्नासच्या वेगाने. पन्नासच्या वर नाही आणि खाली नाही, काटा हलला की त्यांना चैन पडत नसे. मागून येणारे टेम्पोवाले हॉर्न वाजवून वाजवून दमत. मास्तर म्हणत, "पन्नासला माझी गाडी एका सुरात बोलते. मी तिला कशाला बेसूर करू?"

आल्यावर लगेच कामाला हात लावतील ते मास्तर कसले. गाडी लावायची, कुणाशी बोलायचं नाही, आणि देवळाच्या कट्ट्यावर डोळे मिटून अर्धा तास बसायचं. याला ते 'कान उतरवणं' म्हणत. तासभर वारा खाल्लेले कान भरलेले असतात, ते रिकामे झाल्याशिवाय पेटीला शिवायचं नाही. चहासुद्धा नंतर, कारण कपबशी वाजते. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी शेजारच्या वाडीतला पंप बंद करायला लावला होता. पंप बंद झाल्यावर म्हणाले, "आता घरातला फ्रिज." समुद्राकडच्या एका होमस्टेत मुंबईचे पाहुणे स्पीकर लावून बसले होते. मास्तर तिथंही गेले आणि हात जोडून उभे राहिले. त्या पोरांना वाटलं वर्गणी मागायला आलेत. एकाने खिशात हातही घातला. मास्तरांना फक्त शांतता हवी होती, तीही तासभर.

पेटीच्या पोटात पितळेचे पातळ सूर असतात. ते कानशीने किंचित घासून वर-खाली करायचे असतात. मास्तर आधी एकच सूर लावत, 'सा', आणि मग बाकीची सगळी पेटी त्या एका 'सा'च्या भरवशावर. हा पहिला 'सा' लावायला लोक हल्ली मोबाइल वापरतात. मास्तरांकडे काही नसायचं. डोळे मिटायचे, ओठ बंद ठेवून बारीक गुणगुणायचे आणि तो सूर उचलून पेटीत ठेवायचे. एका मंडळाच्या बुवांनी एकदा गुपचूप मोबाइल लावून बघितलं होतं. काटा मधोमध उभा राहिला. बुवांनी ही गोष्ट गावोगाव सांगितली. मास्तरांनी मात्र त्या मंडळाकडे वर्षभर पाऊल टाकलं नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "सा डोक्यात असतो, खिशात न्हाय. ज्याला भरवसा न्हाय त्याने दुसरा बघावा."

तर अशा माणसाला हेल्मेट हवं होतं. त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही इतकं हळू की मी पुढे वाकून ऐकलं. कान उतरायला पूर्वी अर्धा तास लागायचा, आता तास लागत होता. जुनं अर्धं हेल्मेट होतं, कान उघडेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाडीच्या आवाजापेक्षा वाऱ्याचा आवाज वाईट, रोज थोडा थोडा कान खातो. चांगलं बंद हेल्मेट घ्या, नाहीतर काम सोडा. "काम सोडून मी काय करू वहिनी?" मास्तर म्हणाले. "मला दुसरं येतंय काय?"

हे ऐकूनसुद्धा मी पुढे जे केलं ते केलं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कुणी भली बाई आहे असा समज नको.

दिवाळीनंतर त्यांनी हेल्मेट बघायला सुरुवात केली आणि माघ लागला तरी ते बघतच होते. आठवड्यातून दोनदा तरी यायचे. दुकानात आले की स्टुलावर बसायचे, हेल्मेट चढवायचे, काच खाली करायचे आणि वीस मिनिटं तसेच बसायचे. गिऱ्हाइकं दचकायची. दुकानात अंधारात एक धड हेल्मेट घालून बसलंय, हलत नाही, बोलत नाही. एक बाई तर मला म्हणाली, "पुतळा चांगलाय हो." तेवढ्यात पुतळ्याने काच वर केली आणि विचारलं, "वहिनी, कपाळावर वळ हाय का बघा." आरसा त्यांनीच फिरवून ठेवलेला, त्यामुळे त्यांचा आरसा मी झाले होते.

वळ असायचाच. मास्तरांचं डोकं लांबट होतं आणि माझ्याकडची निम्मी हेल्मेटं गोल डोक्यांसाठी केलेली. असं काही असतं हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं, मी आपली लहान, मध्यम, मोठं एवढ्यावर विकत होते. त्यांनी मला शिकवलं. हेल्मेट गालांनी घ्यायचं असतं, डोक्याने नव्हे. नवं असताना गाल असे दाबले गेले पाहिजेत की खाताना आतून चावले जावेत, कारण आतला फोम महिना-दोन महिन्यांत बसतो. आज जे आरामात बसतं ते दिवाळीला डोक्यात गरगर फिरतं. म्हणून मास्तर हेल्मेट घालून शेंगदाणे खाऊन बघायचे. हनुवटीखालून एकेक दाणा आत सरकवायचा आणि सावकाश चावायचा. गाल चावला गेला की खूश. मानेपाशी फट राहिली तर खालून वारा शिरतो आणि सगळा आवाज तिथून येतो, म्हणून ते कॉलरमध्ये बोटं घालून घालून बघायचे. डोक्यावरची हवेची भोकं तर त्यांना मुळीच आवडायची नाहीत. "एवढी भोकं? ही बासरी हाय का हेल्मेट?"

मग पंखा. माझा टेबलफॅन तीनवर ठेवून त्याच्यासमोर बसायचं, मान डावीकडे, मान उजवीकडे. मग शेवटची परीक्षा रस्त्यावर. हत्यारांची पिशवी माझ्याकडे तारण ठेवून हेल्मेट घालून अक्षीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. त्या पिशवीत कानशी होत्या, बारीक पाती होती, आणि ती पिशवी म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य होतं. परत आल्यावर हेल्मेट काढून माझ्या हातात देत आणि एखाद्या गवयाबद्दल बोलावं तसं बोलत. "हे वरच्या पट्टीत ओरडतं." "हे साठीला आलेल्या माणसासारखं घोगरं." "हे बरं हाय, पण अधूनमधून शिंकतं."

सुरुवातीला मला मजा वाटायची. शनिवार-रविवारी गाड्या वाहणाऱ्या रो-रो बोटीने मुंबईचे गाडीवाले येत, त्यातला एखादा ऐटीत हेल्मेट घेऊन निघाला की मास्तर स्टुलावरून उठत, दोन्ही हातांनी त्याचं हेल्मेट धरून हलवत आणि म्हणत, "बघा, हे फिरतंय आणि तुमचं तोंड जागेवर हाय. एक नंबर लहान घ्या." तो रागावून जाई नाहीतर खरंच लहान नंबर घेई. बहुतेक वेळा रागावूनच जाई. माझ्या नवऱ्याची कंपनीत शिफ्ट, दुकान माझं एकटीचं, आणि हा माणूस माझी गिऱ्हाइकं पळवून लावतोय. पौषात मजा संपली, माघात मला त्यांच्या गाडीचा आवाज आला तरी कपाळात तिडीक जायची.

शेवटी एक पसंत पडलं. राखाडी रंगाचं, बिनचित्राचं, लांबट डोक्याचं. त्याची परीक्षा त्यांनी पाच वेळा घेतली. पाचव्या वेळी पुलावरून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. "वहिनी," ते म्हणाले, "आत देवळासारखं हाय. शनिवारी घेऊन जातो. तवर कुणाला दाखवू नका."

मी दाखवलं. आठवडाभर ते समोरच्या फळीवर होतं, दोघा-चौघांनी घालून पाहिलं, काच उघडली, मिटली. शनिवारी दुकानात ही गर्दी. मास्तर दारात उभे, नवा सदरा घालून. मी हेल्मेट पुसायला घेतलं आणि मला दिसलं की काचेच्या डाव्या कडेला जी रबराची बारीक पट्टी असते ती दोन बोटांएवढी तुटून गेलेली आहे. काच मिटली की तिथं केसाएवढी फट राहत होती. त्या मापाचा तो एकच नग होता. नवी पट्टी मुंबईहून यायला आठ-दहा दिवस लागले असते. म्हणजे आणखी आठ-दहा दिवस मास्तर, स्टूल, पंखा, शेंगदाणे.

मी बघितलं आणि खोक्यात घातलं. कुणी मला फसवलं नव्हतं, कसली अडचण नव्हती. मला फक्त ते स्टूल रिकामं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर पेढे घेऊन आले. देवापुढे हेल्मेट ठेवून, हळदकुंकू लावून मगच डोक्यावर घेतलं म्हणाले. "माझ्या कानांचं आयुष्य वाढवलंत वहिनी." मी पेढा खाल्ला.

आठवड्याने पुन्हा आले. स्टुलाकडे बघितलं पण बसले नाहीत. "डाव्या अंगाला बारीक शीळ येते. पन्नासला येते. दुकानातल्या पंख्यावर येत न्हाय."

"नवीन आहे ना मास्तर," मी म्हटलं, "रबर बसायला थोडे दिवस लागतात. बसेल."

आमच्या धंद्यात हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडातून जातो. रेनकोटची चेन घट्ट आहे, बसेल. कव्हर ताठ आहे, बसेल. जे रबर तिथं नव्हतंच ते बसेल असं मी त्या माणसाला सांगितलं, आणि त्याने मान डोलावली. त्यांना पेटीतलं सगळं कळत होतं, हेल्मेटातलंही बरंच कळायला लागलं होतं, पण मी दुकानदार होते आणि दुकानदाराला आपल्यापेक्षा जास्त कळतं असं ते धरून चालले.

पुढे महिन्याभराने रस्त्यात भेटले. गाडी थांबवून काच वर केली आणि हसले. "तुमचं खरं झालं वहिनी. बसलं. आता शीळ ऐकूच येत न्हाय."

मला केवढं हायसं वाटलं. मी त्या रात्री चांगली झोपले असेन.

आमच्या मंडळाची पेटी त्यांनी त्याच दिवसांत लावून दिली. चैत्रात देवळाचा सप्ताह होता आणि त्या वर्षी शेजारच्या गावाचं मंडळ आणि आम्ही बायका एकत्र बसणार होतो, दोन पेट्या घेऊन. शेजारच्या गावाची पेटी मास्तरांनीच लावलेली, पण आदल्या दसऱ्याला. मास्तरांना मानाचं बोलावणं होतं. दोन्ही पेट्या त्यांच्या हातच्या, म्हणून त्यांना पुढे सतरंजीवर बसवून नारळ दिला.

बुवांनी हात वर केला, दोन्ही पेट्या एकदम सुरू झाल्या, आणि देवळात असलेल्या एकूण एक माणसाने तोंड वाकडं केलं. गाणं न कळणाऱ्यालाही कळेल असं ते होतं. दोन्ही पेट्या आपापल्या जागी गोड होत्या, पण एक दुसरीपेक्षा एवढीशी खाली. माझीच खाली. बुवांनी थांबवलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मग बुवांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्या पेटीजवळ धरला. गुपचूप मोबाइल लावून बघणारे हे तेच बुवा. त्यांनी मोबाइल लगेच खिशात घातला आणि काही बोलले नाहीत, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

मास्तर उठले. शेजारच्या पेटीची पांढरी एक, म्हणजे ज्या पट्टीवर ते 'सा' लावत ती, दाबून ऐकली. माझ्या पेटीची पांढरी एक दाबून ऐकली. त्यांनी पुन्हा माझी दाबली आणि डोळे मिटून बराच वेळ भाता हलवत राहिले.

"मला ही बरोबर वाटते," ते म्हणाले. मग डोळे उघडून सगळ्यांकडे बघत म्हणाले, "त्येच वाईट हाय. ती शेजारची मी कान शाबूत असताना लावलीय. चूक हिची हाय. कान गेले."

भजन एका पेटीवर झालं. मी टाळ वाजवले.

त्यानंतर मास्तरांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्या दोनेक महिन्यांत त्यांनी ज्या ज्या गावची पेटी लावली होती त्या प्रत्येक गावाला ते गेले आणि प्रत्येक मंडळाला सांगून आले, माझ्या हातून चुकलंय, दुसऱ्याकडून लावून घ्या. कुणी म्हणालं, होतं मास्तर, वय झालं. कुणी म्हणालं, मोबाइल का नाही वापरत? मास्तर ऐकून घ्यायचे आणि पुढच्या गावाला जायचे. त्याच हेल्मेटात, त्याच पन्नासच्या वेगाने.

पावसाळा सरता सरता ते माझ्याकडे आले, एस.टी.ने. हातात हेल्मेटचं खोकं. "गाडी विकली. पालीला लेकीकडे जातो राहायला. हे कुणा गरजवंताला द्या, चांगलं हाय." मी त्यांना बसा म्हटलं. ते स्टुलावर बसले आणि सवयीने आरसा भिंतीकडे फिरवला. मग आपल्याच सवयीचं हसू आलं त्यांना आणि आरसा पुन्हा सरळ करून ठेवला. "हत्यारं काय केलीत?" मी विचारलं. म्हणाले, "लेकीच्या माळ्यावर टाकणार. गंजू दे." मला तेव्हासुद्धा त्या रबराच्या पट्टीची आठवण झाली नाही. खरंच नाही झाली. माझ्या लेखी ती गोष्ट बसली होती.

ते खोकं वरच्या फळीवर पडून राहिलं. थंडीत एकदा माझ्या हेल्मेटचा पट्टा तुटला, तालमीला जायला उशीर झालेला, दुकानात दुसरं माझ्या मापाचं पटकन हाताला येईना, म्हणून मी मास्तरांचं काढलं आणि स्कूटर घेऊन नागावला निघाले. पूल ओलांडून मोकळा रस्ता लागला, काटा पन्नासवर गेला आणि डाव्या कानाशी शीळ सुरू झाली. बारीक, सरळ, न थांबणारी. मला आठवलं, मास्तर म्हणत होते ती हीच. चार-पाच किलोमीटर ती माझ्या कानात होती. देवळाशी येऊन मी हेल्मेट काढलं, पेटीपुढे बसले, कान उतरवणं वगैरे आम्हाला कुठलं सुचतंय, लगेच भाता धरला आणि पांढरी एक दाबली.

पेटीतून शीळ आली.

म्हणजे पेटीचाच सूर होता, पण माझ्या कानात जी शीळ अजून घुमत होती तिच्यात तो असा जाऊन बसला की दोन्ही वेगळे करता येईनात. आमची पेटी आम्ही तशीच ठेवली होती. एकटी वाजवली तर गोड वाजायची, मग कशाला कुणाकडे न्यायची? मी हात काढला. पुन्हा दाबली. मैत्रिणी म्हणाल्या, काय गं, काय झालं? मी उठले, हेल्मेट चढवलं, स्कूटर घेतली आणि पुलापर्यंत पन्नासने जाऊन पन्नासने परत आले. सगळ्याजणी टाळ हातात घेऊन दारात उभ्या. मी तशीच आत जाऊन पांढरी एक दाबली. तोच सूर. ऐंशीला गेलं तर शीळ वेगळी असती, चाळीसला गेलं तर नसतीच. पण मास्तर पन्नास सोडत नसत.

मास्तरांचे कान गेले नव्हते. ती शीळ त्यांच्या 'सा'च्या अगदी शेजारी, एवढीशी खाली होती. अगदी वेगळी असती तर त्यांना टोचत राहिली असती, त्यांनी माझ्या दुकानात येऊन हेल्मेट आपटलं असतं. शेजारची होती म्हणून रोज तास-दोन तास कानात शिरून ती हळूहळू त्यांच्या 'सा'च्या जागेवर येऊन बसली. आणि ज्या दिवशी दोन्ही एक झाले त्या दिवशी त्यांना शीळ ऐकू येईनाशी झाली. मास्तर ते मला रस्त्यात थांबून, हसून सांगत होते.

दुसऱ्याच दिवशी पालीला जायला हवं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आता सांगून काय उपयोग? उलट त्यांना जास्त त्रास. आणि दुकानाचं नाव जाईल ते वेगळं." मला हे ऐकायचंच होतं. मार्गशीर्ष गेला, माघ गेला. आमचं मंडळ टेम्पो करून पालीच्या गणपतीला गेलं, मीही गेले, बल्लाळेश्वरापुढे हात जोडून मास्तरांचे कान सांभाळ म्हणाले आणि त्यांच्या लेकीचं घर देवळाच्या मागच्या आळीत आहे हे ठाऊक असून टेम्पोत बसून परत आले. देवाला सांगितलं की माणसाला सांगावं लागत नाही, असं काहीतरी माझ्या मनात असावं. एका चैत्रातून दुसरा चैत्र आला. तो गेला, आणखी एक आला.

गेल्या वैशाखात मी गेले. स्कूटरवर गेले आणि मुद्दाम तेच हेल्मेट घालून गेले. वडखळ, नागोठणं, पाली, सगळा रस्ता पन्नासने. ती शीळ ऐकत गेलं तर तोंड उघडायचा धीर होईल असं मला वाटत होतं.

मास्तर ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसले होते. बारीक झाले होते. मला बघून आनंदाने उठले. "वहिनी? या, या. अगं, पाणी आण." लेकीने पाणी आणलं आणि ती आत गेली. मी पाणी प्यायले, हेल्मेट त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. पट्टी, गर्दीचा शनिवार, 'बसेल' म्हटलेलं, पेटी, पुलापर्यंतची फेरी, टेम्पोत बसून परत गेलेली मी. त्यांच्या बोटांत एक वाल तसाच राहिला.

मग त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं, काच मिटली आणि अंगठ्याने कड चाचपत गेले. डाव्या बाजूला अंगठा थांबला.

"हे तुम्हाला तवाच ठावं व्हतं?"

"हो."

"खोक्यात घालताना?"

"हो मास्तर."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते. आतून मिक्सरचा आवाज आला आणि थांबला.

"म्हंजे माझे कान बरे व्हते," ते म्हणाले. मेलं समजलेलं माणूस जिवंत होतं असं दोन वर्षांनी कळावं, तसे म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, बरेच असतील अजून. हत्यारं माळ्यावर आहेत ना? ती साफ करू. मी गावोगाव जाऊन सांगते, माझी चूक होती म्हणून. आमचीच पेटी पहिली लावा. मी भराभर बोलत होते. मास्तरांनी हात वर करून मला थांबवलं, ओट्याच्या खांबाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. किती वेळ ते तसे बसले कुणास ठाऊक. ते कान उतरवत होते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी हातातला स्टीलचा पेलासुद्धा खाली ठेवला नाही.

मग ओठ बंद ठेवून त्यांनी बारीक सूर धरला. थांबले. पुन्हा धरला, किंचित वर. थांबले. पुन्हा खाली. पुन्हा वर. चार-पाच वेळा झालं. मला वाटलं आता सापडेल, आता डोळे उघडतील. डोळे उघडले तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, हेल्मेटकडे बघत होते.

"दोन हायत," ते म्हणाले. "एक माझा आणि एक याचा. कुठला कुणाचा, ते आता सांगता येत न्हाय वहिनी."

"मोबाइलवर बघू या," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं मी काय बोलले ते. मास्तर हसले नाहीत. वालाच्या परातीत हात घालून पुन्हा सोलायला लागले.

जेवून जा म्हणाले, मी जेवले. वालाचं बिरडं त्यांनी मला दोनदा वाढायला लावलं. दुकान कसं चाललंय विचारलं. मी सांगितलं की आता मी सगळ्यांना वीस मिनिटं बसवते, कपाळावरचे वळ बघते, हेल्मेट विकायच्या आधी काचेच्या चारी कडांवरून बोट फिरवते. "चांगलं करता," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता आणि माफीही नव्हती.

निघताना मी हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि काच खाली केली. गाडी सुरू करून आळीच्या तोंडाशी पोचते तोच मागून हाक आली. मास्तर अनवाणी पळत येत होते. मी थांबले. ते धापा टाकत जवळ आले आणि त्यांनी आपल्या हाताने माझी काच वर केली.

"उघडी ठेवून जा," ते म्हणाले. "वारा लागला तर लागू दे, ती शीळ कानात नको. नागावच्या देवळात तुम्ही पेटी वाजवता."